नळदुर्गचा उपली बुरूज

किल्ला म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. पायथ्याचे गाव, रानातली वाट, धाप लावणारा चढ आणि शेवटी कातळात कोरलेल्या पायऱ्या. नळदुर्गला यातले काहीच नाही. सोलापूरहून हैदराबादच्या महामार्गाला लागायचे, दोन्ही बाजूंनी तुरीची आणि ज्वारीची सपाट रानं मागे टाकत ४५-५० किलोमीटर जायचे, की गाव येते. गावात शिरले तरी किल्ला दिसत नाही. दुकाने, बसथांबा, घरे, एखादा वळसा, आणि अचानक समोर काळ्या दगडाचा तट उभा राहतो. चढावे लागत नाही, दम लागत नाही. त्यामुळेच अनेकांना वाटते की हा किल्ला सोपा असणार.

तो सोपा नव्हता. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातले हे छोटे गाव आणि त्याला चिकटून असलेला हा कोट यांच्यासाठी विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, दिल्ली आणि हैदराबाद अशा सगळ्या सत्ता कधी ना कधी गुंतून पडल्या. आज मात्र पावसाळ्यात येणारी बहुतेक गर्दी नदीच्या बंधाऱ्यात बांधलेल्या पाणी महालाकडे वळते. नर आणि मादी नावाचे दोन धबधबे पाहायचे, फोटो काढायचे आणि परतायचे. कोटाच्या आत उंच उठलेला एक बुरूज या गर्दीच्या वाटेवरच असतो. मुले त्यावर चढतात, मोठी माणसे खालूनच मान वर करून पाहतात आणि पुढे जातात. या बुरुजाला उपली बुरूज म्हणतात. कोणी उपळी म्हणतात, कोणी उफळ्या. नळदुर्ग कशासाठी बांधला आणि कशाच्या भीतीने बांधला, हे समजून घ्यायचे असेल तर पाण्याआधी या बुरुजापाशी थांबले पाहिजे.

बुरूज म्हटला की तो तटात असतो. तट वळतो तिथे, किंवा लांबलचक सरळ भिंतीला मध्येच आधार द्यायला बाहेर फुगवटा काढतात, तो बुरूज. त्याच्यावरून समोर मारा करता येतो आणि डावी-उजवीकडच्या भिंतीच्या पायथ्याशी आलेला शत्रूही टिपता येतो. नळदुर्गच्या तटात असे बुरूज शंभराहून जास्त आहेत. गावातला कोणीही ११४ हा आकडा चटकन सांगतो. त्यातला नवबुरूज तर नऊ पाकळ्यांचा आहे. फूल कापून आडवे ठेवावे तसा त्याचा घेर. प्रत्येक पाकळीमुळे माऱ्याची दिशा बदलते आणि आडोशाला उभे राहायला शत्रूला जागा उरत नाही.

उपली बुरूज या रांगेत बसत नाही. तो तटात नाहीच. तो तटाच्या आत, सुटा, एकटा उभा आहे. त्याला भिंत चिकटलेली नाही, त्याच्या आडून दरवाजा निघत नाही. नुसता दगडाचा भरीव उंच गोल आणि वर जाणाऱ्या पायऱ्या. प्रश्न पडतो तो इथेच. भोवती एवढा तट असताना आत वेगळा बुरूज कशाला हवा?

याचे उत्तर जमिनीत आहे. बोरी नदी इथे काळ्या खडकाच्या पठाराला वळसा घालून जाते. नदीने कापलेल्या दरीत पठाराचा एक सुळका पुढे आलेला आहे, आणि त्या सुळक्याच्या कडेकडेने तट बांधला आहे. तीन बाजूंना कडा आणि खाली पात्र. तिकडून वर येणे जवळजवळ अशक्य. चौथ्या बाजूला मात्र सुळका मूळ पठाराला जोडलेला आहे, आणि तिथे जमीन सलग, सपाट, गावापर्यंत गेलेली. किल्ल्याचे दुखणे हेच. घोडदळ, हत्ती, तोफगाडे, जे काही येईल ते इथूनच येणार. म्हणून बांधणाऱ्यांनी सगळी ताकद या बाजूला लावली. खडक फोडून रुंद खोल खंदक काढला. खंदकाच्या आत बुटका बाहेरचा तट उभारला आणि त्याच्या मागे उंच मुख्य तट, त्यात प्रचंड बुरूज. आणि एवढे करूनही मन भरले नाही म्हणून की काय, आत उंचावर उपली बुरूज, म्हणजे बाहेरच्या तटावरून आणि आतल्या तटावरून पलीकडचे पाहणारा आणि पलीकडे मारा करणारा.

इथे थोडे मागे जावे लागते. नळदुर्गचे नाव नळराजाशी जोडणारी कथा गावात सांगतात. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापासून इथे ठाणे होते असे मानतात. चौदाव्या शतकात ते बहामनींकडे आले, आणि बहामनी राज्य फुटल्यावर विजापूरच्या आदिलशाहीकडे गेले. आज दिसणारा दगडी कोट मुख्यतः आदिलशाहीच्या हातचा आहे. पहिला अली आदिलशहा १५५८ ते १५८० असा गादीवर होता, आणि जुन्या मातीच्या कोटाला दगडी तटाचे रूप देण्याचे श्रेय त्यालाच दिले जाते. आदिलशाही कागदांत या जागेचे नाव शाहदुर्ग असे येते.

अलीच्या आधीची ४० वर्षे दख्खनमध्ये तोफांनी गाजवली. १५२० मध्ये रायचूरला विजयनगरचा कृष्णदेवराय आणि विजापूरचा इस्माईल आदिलशहा समोरासमोर आले. आदिलशाही फौजेकडे तोफा पुष्कळ होत्या, आणि तरी ती हरली. या लढाईने दोन्हीकडच्या लोकांना विचार करायला लावला. रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगनर या अभ्यासकांनी २०१४ मध्ये दख्खनच्या या काळावर एक मोठे पुस्तक लिहिले. रायचूरनंतरच्या दशकांत कल्याणी, मुदगल, यादगीर अशा किल्ल्यांच्या तटांवर काय बदल झाले, हे त्यांनी दगड आणि शिलालेख वाचून मांडले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की दख्खनच्या कारागिरांनी या काळात तोफ आणि बुरूज यांची नवीन जोडी जमवली.

आधीची तोफ गाड्यावर किंवा लाकडी चौकटीवर ठेवलेली असे. एकदा तोंड एका दिशेला केले की वळवायला दहा-वीस माणसे आणि भरपूर वेळ लागे. नव्या पद्धतीत लोखंडाची दुबेळकी, म्हणजे दोन फाट्यांचा आधार, घडवली. तोफेच्या दोन्ही बाजूंना काढलेले कान तिच्यात अडकवले, आणि दुबेळकीचा खालचा दांडा दगडात खोदलेल्या खळग्यात बसवला. आता तोफ जात्याच्या वरच्या पाळीसारखी फिरू लागली. वर-खालीही करता येऊ लागली. पण फिरणारी तोफ तटाच्या अरुंद फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालण्याच्या वाटेवर, ठेवून उपयोग नाही. तिला चारी बाजूंनी मोकळी, उंच, गोल जागा हवी. तशी जागा म्हणजे सुटा बुरूज.

युरोपात याच शतकात उलटे घडत होते. तिथे तोफांच्या भीतीने उंच बुरूज पाडून तट बुटके, जाड आणि टोकदार करत होते. उंच म्हणजे सोपे लक्ष्य, असा त्यांचा हिशेब. दख्खनच्या लोकांनी उंची सोडली नाही. आपली तोफ जितकी वर तितकी ती लांब पोचेल आणि शत्रूची तोफ जवळ येण्याआधीच तिला गाठेल, असा त्यांचा हिशेब होता. काळ्या कातळावर भरीव दगडी बुरूज उभारला तर तो सहजी कोसळत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर होते. आपल्याकडे मात्र युरोपचा हिशेब तेवढा शास्त्र मानला जातो आणि दख्खनचा मागास ठरवला जातो. उपली बुरुजाच्या पायथ्याशी उभे राहिले की हा समज टिकत नाही.

याच नावाचा आणखी एक बुरूज आहे, विजापुरात. तिथेही त्याला उपली किंवा उपरी बुरूज म्हणतात, म्हणजे वरचा, उंचावरचा. तो १५८४ मध्ये हैदरखान नावाच्या सरदाराने बांधला, असे त्याच्यावरचा शिलालेख सांगतो. म्हणून त्याचे दुसरे नाव हैदर बुरूज. उंची सुमारे ८० फूट, बाहेरून गोल फिरत जाणाऱ्या पायऱ्या. विजापूरच्या तटाचे काम सरदारांमध्ये वाटून दिले होते, हैदरखान तेव्हा मोहिमेवर होता, त्याचा वाटा राहून गेला, म्हणून परतल्यावर त्याने आत सगळ्यांपेक्षा उंच बुरूज बांधला, अशी आख्यायिका आहे. त्याच्यावर लांबछडी नावाची तोफ आहे. लांबी ३० फूट ८ इंच. तिच्या खालच्या दगडी चौथऱ्यावर फिरण्याचा खळगा आणि मागे धक्का झेलणारी वक्र भिंत पाहिली की ही यंत्रणा कशी चालत असेल ते हातात घेतल्यासारखे कळते. नळदुर्ग पाहण्याआधी किंवा नंतर विजापूरचा हा बुरूज पाहावा. दोन्ही एकाच राज्याचे, एकाच विचाराचे आहेत.

नळदुर्गच्या उपली बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत. प्रत्येक पायरीला गुडघा पूर्ण वर उचलावा लागतो. ओझे घेऊन चढणाऱ्या माणसाला त्या नक्कीच जड जात असणार, आणि इथे ओझे म्हणजे दारूची पिशवी आणि दगडी किंवा लोखंडी गोळा. चढताना डाव्या-उजव्या हाताला बुरुजाचा दगड जवळून पाहता येतो. घडीव काळा बेसाल्ट, एकावर एक थर, सांधे घट्ट बसवलेले. ऊन असेल तेव्हा दगडाला हात लावला तर चटका बसतो, आणि सावलीच्या बाजूने लावला तर गार. पायऱ्या संपल्या की एकदम मोकळे आकाश आणि वारा. कठडा, सपाट माथा आणि माथ्यावर दोन तोफा. एकीला हत्ती तोफ म्हणतात, दुसरीला मगर तोफ.

तोफांना जनावरांची नावे द्यायची रीत दख्खनमध्ये जुनी. नळदुर्गपासून फार लांब नाही, याच जिल्ह्यात परंडा आहे. विजापूरची प्रसिद्ध मुलुख-ए-मैदान तोफ आधी परंड्याच्या किल्ल्यावर होती. ती १५४९ मध्ये अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी या कारागिराने ओतली. लांबी साडेचार मीटरच्या आत, पण तोंडाचा व्यास एवढा की मूल आत बसेल. तिचे तोंड सिंहाच्या जबड्यासारखे घडवले आहे आणि त्या जबड्यात एक हत्ती चिरडला जातो आहे. १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती परंड्याहून विजापूरला नेली. मराठवाड्याच्या या पट्ट्यात म्हणजे परंडा, नळदुर्ग, औसा, उदगीर, कंधार या भागात तोफेची आणि बुरुजाची एक परंपरा होती. सह्याद्रीच्या किल्ल्यांच्या कौतुकात ती मागे राहिली, याचे वाईट वाटते. शाळेच्या सहली रायगडाला जातात, जायलाच हव्यात. पण मराठवाड्यातल्या मुलांनी आपल्या दाराशी असलेले हे दगड पाहायला हवेत, आणि पुण्या-मुंबईच्या मुलांनीही.

माथ्यावरून सगळा किल्ला एका नजरेत येतो. कडेकडेने धावणारा तट, पडक्या भिंतींचे चौकोन, खाली बोरीचे पात्र, पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला आणि दुसऱ्या बाजूला गाव. गावाच्या घरांचे पत्रे आणि गच्च्या इतक्या जवळ दिसतात की वेढ्याच्या दिवसांत इथे उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला शत्रूच्या छावणीतल्या चुलीही मोजता आल्या असतील.

वेढा खरोखरच पडला. तो बुरुजाचा आणि किल्ल्याचा सगळ्यात कठीण काळ.

१५८० मध्ये विजापुरात अली आदिलशहाचा खून झाला. गादीवर आला त्याचा पुतण्या इब्राहिम, वय नऊ वर्षे. अलीची विधवा चांदबीबी त्याची पालक होती, पण कारभार हातात घेण्यासाठी सरदारांची चढाओढ लागली. कामिलखान आला आणि गेला. मग किश्वरखान आला. त्याने चांदबीबीलाच विजापुरातून काढून साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत धाडले. राजधानीत हे चाललेले पाहून शेजाऱ्यांच्या मनात आले की हीच वेळ. अहमदनगरची निजामशाही फौज आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही फौज एकत्र आली. त्याच सुमारास गोवळकोंड्याच्या गादीवर महंमद कुली कुतुबशहा बसला होता. पुढे ज्याने हैदराबाद वसवले तोच हा. या दोन फौजांनी विजापूरच्या वाटेवरच्या शाहदुर्गाला म्हणजे नळदुर्गाला गराडा घातला.

इतिहासकार फरिश्त्याने आपल्या इतिहासात या वेढ्याची हकीकत लिहिली आहे. कित्येक महिने दोन राज्यांच्या फौजा तटाखाली बसून होत्या. तोफा चालल्या, पण किल्ला पडला नाही. राजधानीत कोण कारभारी आहे, उद्या कोण असेल, याची खात्री नसताना किल्लेदार आणि त्याची शिबंदी लढत राहिली. शेवटी वेढा घालणाऱ्यांनी कंटाळून मोर्चा थेट विजापूरकडे वळवला, आणि तिथेही त्यांना यश आले नाही. चांदबीबी तोवर साताऱ्याहून परत आली होती.

वेढ्यात तट काय करतो आणि आतला उंच बुरूज काय करतो, हे इथे नीट कळते. तट शत्रूला थांबवतो. पण वेढा घालणारा नुसता थांबत नाही. तो मातीचे दमदमे उभारतो, त्यांवर तोफा चढवतो, खंदकाकडे चर खणत पुढे सरकतो, सुरुंग लावायला जागा शोधतो. तटाच्या मागे उभ्या असलेल्या शिपायाला यातले सगळे दिसत नाही. उंच बुरुजावरच्या गोलंदाजाला दिसते. दमदमा कुठे उठतो आहे, माती कुठून वाहिली जाते आहे, रात्री मशाली कोणत्या बाजूला जास्त आहेत. म्हणून हा बुरूज आधी डोळा होता आणि मग तोफेची जागा. किल्ला महिनोन्महिने झुंजला त्याचे श्रेय एकट्या बुरुजाला देता येणार नाही. खंदक होता, कडे होते, दाणागोटा होता, आणि आत माणसे होती. पण डोळे मिटून कोणी इतके दिवस लढत नाही.

राहिला पाण्याचा प्रश्न. वेढ्यात किल्ले बहुतेक पाण्यावाचून पडतात. नळदुर्गला नदी पायाशी, तरी ती कड्याखाली. हा प्रश्न पुढे त्या नऊ वर्षांच्या मुलाने, म्हणजे वयात आलेल्या इब्राहिम आदिलशहाने सोडवला. संगीताचा वेडा, किताब-ए-नवरसचा कर्ता, म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरीच्या पात्रात किल्ला आणि रणमंडळ यांना जोडणारा दगडी बंधारा उभा राहिला. त्याच्या पोटात खोल्या काढल्या, खिडक्या काढल्या. हाच पाणी महाल. मीर महंमद इमादुद्दीन या कारागिराचे नाव त्याच्या लेखात आहे. धरण भरले की पाणी ठरावीक सांडीतून महालाच्या अंगावरून खाली पडते आणि आतली माणसे कोरडी राहतात. चार शतके पुराचे धक्के खाऊन बंधारा जागेवर आहे. आता वरच्या अंगाला बोरीवर नवे धरण झाले आहे, त्यामुळे ते भरून वाहू लागले की मगच नर-मादी वाहतात, आणि ती बातमी सोलापूर-धाराशिवच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रासह येते.

पाणी महालाची वाहवा सगळे करतात. ती त्याला मिळायलाच हवी. फक्त एक गोष्ट लक्षात घ्यावी. बंधारा, खंदक, तट आणि उपली बुरूज हे चार वेगवेगळे चमत्कार नाहीत. तो एकच विचार आहे. नदीने तीन बाजू सांभाळल्या, खंदकाने चौथी. बंधाऱ्याने पाणी वर आणले. बुरुजाने या सगळ्यांच्या वर डोळा ठेवला. यातला एक भाग पाहून परतणे म्हणजे वाड्याचा फक्त चौक पाहून येणे.

१६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले आणि नळदुर्ग मोगलांचा झाला. पुढे तो हैदराबादच्या निजामाकडे गेला. या दीड शतकात बुरुजाचे काम संपत आले होते. तोफा सुधारल्या, फौजा वेगळ्या झाल्या, आणि राजकारण किल्ल्यांपेक्षा तहनाम्यांत जास्त ठरू लागले. १८५३ मध्ये अशाच एका तहात निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनी सरकारकडे दिला, फौजेच्या खर्चापोटी. एक गोळा न उडता किल्ला हातचा गेला.

त्या मुलुखाचा कारभारी म्हणून आला फिलिप मेडोज टेलर. लिव्हरपूलला १८०८ मध्ये जन्मलेला, पोरवयात हिंदुस्थानात आलेला आणि आयुष्य निजामाच्या चाकरीत घालवलेला माणूस. ठगाच्या कबुलीजबाबाची त्याची कादंबरी १८३९ मध्ये निघाली आणि इंग्लंडात खूप वाचली गेली. सुरपूरच्या संस्थानाचा कारभार पाहून तो नळदुर्गला आला. नळदुर्ग हे त्याचे मुख्य ठाणे. इथल्या मुलुखाची त्याने पाहणी केली, मोजणी लावली, रस्ते आखले. तुळजापूर जवळच. पुढे १८६३ मध्ये त्याने लिहिलेल्या तारा या कादंबरीची नायिका तुळजापूरचीच आहे.

टेलरच्या आत्मचरित्रात नळदुर्गचे वर्णन आहे, आणि किल्ल्यावरच्या जुन्या लिखाणात ते सगळ्यात मोलाचे म्हणावे लागेल. कारण तो शिपाईही होता आणि चित्रकारही. पठाराचा सुळका नदीच्या दरीत कसा घुसला आहे, कड्यांची उंची ५० पासून २०० फुटांपर्यंत कशी बदलते, पश्चिमेच्या चिंचोळ्या मानेवर दुहेरी तट आणि खडकात खोदलेला खंदक कसा आहे, हे त्याने मोजूनमापून सांगितले आहे. घेर दीड मैलाचा धरला आहे. आत पडक्या भिंतींचे जाळे आहे, मधून रुंद रस्ता गेलेला आहे, म्हणजे इथे पूर्वी मोठी वस्ती होती, हेही तो नोंदवतो. आणि तट-बुरूज तेव्हा उत्तम स्थितीत होते, असे सांगतो. आज किल्ल्यात फिरताना त्याचे वर्णन मनात असेल तर पडक्या चौथऱ्यांना पुन्हा छपरे येतात.

१८५७ च्या ऑगस्टमध्ये टेलरला वऱ्हाडात पाठवले गेले. उठावाच्या काळात साथ दिली म्हणून इंग्रजांनी १८६० मध्ये नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत केले. तेव्हाच्या जिल्ह्याचे नावही नळदुर्गच होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्याचे ठाणे धाराशिवला गेले, आणि नळदुर्ग छोटे गाव झाले.

तरी एक लढाई उरली होती.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरले. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या हाताखाली. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे पहिले अवघड ठिकाण नळदुर्ग. किल्ल्याच्या परिसरात हैदराबादच्या पायदळाची पहिली पलटण होती. पण या वेळी खरा प्रश्न तटाचा नव्हता, बोरीवरच्या पुलाचा होता. पूल उडवला असता तर रणगाडे आणि मालगाड्या अडकल्या असत्या. सातव्या ब्रिगेडने वेगाने आणि अचानक पुढे येऊन पूल शाबूत ताब्यात घेतला. मग शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यावर हल्ला केला. सकाळी नऊच्या सुमाराला चिलखती गाड्या पुढच्या जळकोटमध्ये होत्या, आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात. जिथे साडेतीन शतकांपूर्वी दोन राज्यांच्या फौजा महिनोन्महिने बसून होत्या, तिथून एका सकाळीत सैन्य पुढे गेले. चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी गावोगाव झेंडा चढतो. नळदुर्गने या मुक्तीची पहिली सकाळ पाहिली, हे त्या दिवशीच्या भाषणांत आवर्जून यायला हवे.

गाव नुसते किल्ल्यावर जगत नाही, हेही सांगितले पाहिजे. इथला खंडोबा शेजारच्या अणदूरचाही आहे. मूर्ती एक आणि देवळे दोन. वर्षातला बराचसा काळ देव अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपूरला येतो. पौष पौर्णिमेला यात्रा भरते. भंडाऱ्याने माणसे पिवळी होतात, वारू नाचतात, दोन गावांचे लोक ठरलेल्या रीतीने देव नेतात आणि आणतात. ज्या माळावर फौजा उतरल्या त्याच परिसरात आज यात्रेकरूंच्या गाड्या लागतात. बुरुजावरून पाहणाऱ्याला आता दिसतात ती ही माणसे.

किल्ला राज्य शासनाच्या संरक्षित स्मारकांत आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत राज्याच्या स्मारक संगोपन योजनेतून त्याची देखभाल खासगी सहभागाने झाली. झुडपे काढली, आतल्या वाटा केल्या, बाग लावली. पूर्वी बाभळी आणि काटेरी झाडोऱ्यातून वाट काढावी लागे, ती आता लागत नाही. हे काम चांगले झाले आहे असे म्हणण्यात संकोच नको. पण बागेने किल्ला समजत नाही. तोफ कशी फिरत होती, बुरूज सुटा का, वेढ्यात काय घडले, बंधाऱ्याने पाणी कसे वर आले, हे जागेवर साध्या मराठीत, मोजमापाच्या चित्रांसह लिहिलेले असले पाहिजे, आणि तेही पायऱ्या चढण्याआधी वाचता येईल अशा जागी. गावातल्या दहा-पंधरा तरुणांना वाटाडे म्हणून नीट तयार केले तर त्यांनाही काम मिळेल आणि पाहुण्यांनाही उत्तरे मिळतील. सोलापूर, तुळजापूर आणि अक्कलकोट करणारे लाखो भाविक या भागातून जातात. त्यांच्यातल्या थोड्यांनी जरी दोन तास काढले तरी गावाला आधार होईल.

म्हणून वाचकांना एक विनंती. सोलापूर-हैदराबाद रस्त्याने जाल तेव्हा नळदुर्गसाठी अर्धा दिवस हाताशी ठेवा. नर-मादी वाहत नसतील अशा महिन्यातही जा, हिवाळ्यात तर आवर्जून. गर्दी नसते, ऊन सोसवते. आधी उपली बुरुजावर चढा, मग पाणी महालात उतरा. पायऱ्या उंच आहेत, सोबतच्या वडीलधाऱ्यांना हात द्या. माथ्यावर कठड्याजवळ मुलांना सांभाळा. आणि तोफांवर नाव कोरू नका, त्यांना त्यांची नावे आधीच आहेत.